कर्कवॉल ते संबर्ग, चतुर्थीच्या संध्याकाळी

कर्कवॉल ते संबर्ग हे अंतर सरळ रेषेत पंच्याऐंशी मैल आहे आणि पंख्याचं छोटं विमान ते साधारण पस्तीस मिनिटांत कापतं. मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी हे सांगेन. कर्कवॉल इंग्लंडच्याही पार उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर, संबर्ग त्याच्याही उत्तरेला, शेटलंडच्या दक्षिण टोकावर. दोन्ही विमानतळ इतके लहान की आपल्याला सोडायला आलेला माणूस काचेपलीकडे उभा राहून आपण कुठल्या खिडकीत बसलो हेही बघू शकतो. इतक्या आडबाजूच्या दोन ठिकाणांमधल्या अंतराशी माझ्यासारख्या कॉव्हेंट्रीत राहणाऱ्या माणसाला काय करायचंय, असं कुणालाही वाटेल. पण त्या सप्टेंबरात तीन दिवस मी दुसरा कसलाही विचार केला नाही.

मी भूलतज्ज्ञ. बेटांवरच्या छोट्या हॉस्पिटलांत कायमचा डॉक्टर सुट्टीवर गेला की त्याच्या जागी आठवडा-दोन आठवडे काम करायला मी जात असे. त्या वेळी एक आठवडा कर्कवॉलला आणि लगेच पुढचा आठवडा शेटलंडमधल्या लर्विकला असं ठरलं होतं. आई पुण्याहून आमच्याकडे उन्हाळ्यासाठी आली होती. बायकोला रजा नव्हती, मुलांच्या शाळा सुरू झाल्या होत्या आणि आई दिवसभर घरात एकटी टीव्हीसमोर बसते हे मला बघवत नव्हतं. म्हणून मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर, समुद्र दिसेल. ती आली. आणि कर्कवॉलच्या त्या वाऱ्यात तिला शालीवर माझं जाकीट घालून चालताना बघितलं तेव्हा मला वाटलं, हे आपण तिच्यासाठी केलं की स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून. माझा स्वभावच असा आहे. कुणाला पाणी दिलं तरी ते फार गार तर नव्हतं ना, याची खंत मला दिवसभर पुरते.

आई दर महिन्याची संकष्टी करायची. दिवसभर उपास आणि रात्री चंद्र बघून जेवण. दिनदर्शिकेत छापलेली चंद्रोदयाची वेळ झाली की बरेच लोक पानावर बसतात, पण आईच्या मते तो आळशीपणा. तिचा नियम असा की चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. ढग असले तर दुसऱ्या गावच्या कुणी फोनवर "दिसला" असं सांगितलेलं चालतं, पण त्या माणसाचाही त्या दिवशी उपास पाहिजे. "पोटभर जेवलेल्या माणसाची साक्ष कसली?" ती म्हणायची. आणि कुणालाच नाही दिसला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करूनच तोंडात घास.

पुण्यात हे सगळं ठीक होतं. पण आता तिला डायबेटिस होता. आणि इंग्लंडात ढग होते.

जुलैच्या संकष्टीला हाउन्सलोच्या मावशीने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने, फोन करून "ताई, दिसला गं, शेजारच्या चिमणीच्या मागे" असं कळवलं आणि आम्ही सुटलो. ऑगस्टला दोघी बहिणी दोन गावांत आपापल्या मागच्या बागेत उभ्या राहून एकमेकींना "तुझ्याकडे?" "इकडेही नाही" असं सांगत राहिल्या. आई न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तिच्या हातात असा हलत होता की चहा बशीत सांडला. मी डॉक्टर. रोज दहा लोकांना विचारतो, शेवटचं कधी खाल्लंत? उपाशी माणसाच्या शरीरात काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. आणि माझ्या आईची साखर माझ्याच घरात उतरली होती. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा नाही. आणि पुढची संकष्टी नेमकी आम्ही कर्कवॉलहून संबर्गला निघणार त्या संध्याकाळी आली.

तीन दिवस आधी मी हवामानाचा अंदाज बघितला. उत्तरेकडच्या सगळ्या बेटांवर ढग, त्याच्या पुढच्या दिवशीही ढग. हॉस्पिटलच्या डॉक्टरांसाठी असलेल्या क्वार्टर्सच्या खिडकीत मी हात टेकून उभा होतो. एक विमान विमानतळावरून उठलं, थोडं वर गेलं आणि ढगात दिसेनासं झालं. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो. ते विमान आत्ता ढगांच्या वर आहे, वर ऊन आहे, असं माझ्या मनात आलं.

पुण्याच्या कॉलेजातला माझा एक मित्र मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याला मी तिथूनच फोन केला.

"अरे, एक हिशेब करून दे. इंटरनेट समोर आहे ना?"

"समोरच असतं. नोकरीच ती आहे."

"कर्कवॉल ते संबर्ग, अंतर आणि फ्लाइट टाइम. आणि दोन्हीकडे चंद्र किती वाजता उगवतो."

"लेका, तू डॉक्टर आहेस की स्मगलर?"

मी त्याला आईची गोष्ट सांगितली. त्याने एकदम आवाज बदलला. त्यालाही आई होती. अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला आणि तो माझ्यापेक्षा जास्त पेटलेला होता. इतक्या उत्तरेला सप्टेंबरात चंद्र लवकर उगवतो, पौर्णिमेनंतरचे चार दिवस त्याची वेळ फार मागेपुढे होतच नाही, हे त्याने कुठल्याशा वेबसाइटवर वाचलं होतं आणि ते त्याने मला दोनदा समजावून सांगितलं. संबर्गला चंद्रोदय आठच्या जरा आधी. विमान उंचावर असल्यामुळे क्षितिज खाली जातं, म्हणजे आणखी काही मिनिटं आधी दिसणार.

"आणि तुझी फ्लाइट सव्वासातला. पस्तीस मिनिटं. म्हणजे सातपन्नासला तू खाली," तो म्हणाला. "पाच-सात मिनिटं कमी पडतायत रे. विमान ढगात शिरेल आणि हा वर येईल."

"मग?"

"मग काय. वीस मिनिटं डिले मिळव."

"मी कसा मिळवू?"

"आईलाच सांग. ज्याचा उपास करतात त्याला विघ्न हटवायची सवय आहे, म्हणावं एक आण."

मी आईला सांगितलं तेव्हा ती रव्याच्या डब्यात खाली किती रवा उरलाय ते बघत होती. ती वळली. "विमानातून?" तिने विचारलं. मग तिने डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, हे तिच्या नियमात बसणार नाही. पण तिने शेवटी विचारलं ते इतकंच, "खिडकी मिळेल ना रे?"

चतुर्थीच्या दिवशी तिने सकाळपासून दोनदा दूध आणि एक केळं घेतलं. डायबेटिसची गोळी मी अर्धी केली होती. दुपारी तिने क्वार्टर्सच्या किचनमध्ये उकडीचे मोदक केले. तांदळाची पिठी ती कॉव्हेंट्रीहून घेऊन आली होती. मोदकपात्र नव्हतं, म्हणून पास्ता गाळायची चाळण पातेल्यावर ठेवली. तिथे गॅस नव्हता, विजेची शेगडी होती, ती तापायला वेळ घेते आणि निवायलाही. आई तिच्याशी भांडत होती. संध्याकाळी छोट्या फोटोसमोर आरती झाली, नैवेद्य झाला, मोदक डब्यात गेले. राहिला होता फक्त चंद्र.

विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईने डबा उघडायला लावला. त्या ऑगस्टपासून विमानात पातळ काही न्यायला बंदी होती. माझ्याकडे आईसाठी घेतलेली फळांच्या रसाची बाटली होती, ती आधीच गेली. मग डब्यात मोदकांच्या शेजारी छोटी वाटी निघाली.

"हे काय आहे?"

"तूप," मी म्हटलं. मग इंग्रजीत समजावलं.

"लिक्विड आहे?"

आईने मला विचारलं, काय म्हणते ती? मी सांगितलं. आईने वाटी उचलली आणि सरळ उपडी केली. तूप कर्कवॉलच्या थंडीत दगडासारखं बसलेलं होतं. वाटीतून थेंबही पडला नाही. बाईने वाटीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि डब्याचं झाकण लावून पुढे सरकवलं.

आम्ही काचेजवळच्या खुर्च्यांवर बसलो. विमान वेळेवर येताना दिसलं. इतर लोक उठले, पिशव्या आवरायला लागले, आणि माझं मन खट्टू झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर आलेल्या विमानाकडे रागाने बघत होतो. लर्विकला दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनची यादी होती, तिथले लोक माझ्यावर अवलंबून होते, आणि मी इथे बसून मनातल्या मनात म्हणत होतो, उशीर होऊ दे. फक्त वीस मिनिटं.

माइक खरखरला. संबर्गला धुकं आहे, वीस मिनिटांनी परत सांगतो.

मी आईचा हात दाबला. सगळे लोक सुस्कारे सोडत परत खाली बसले. माझ्या पलीकडे एक थोराड माणूस होता, मेण लावलेल्या कापडाचं जाकीट, लाल चेहरा, मांडीवर सोनेरी कागदात गुंडाळलेला एक खोका. तो कुणाला न उद्देशून म्हणाला, "झालं. बहिणीची साठी आहे. केक कापतील मी जायच्या आत."

माझा आनंद तिथेच आटला. मी मागितलं आणि याचा केक गेला. मला खरंच असं वाटलं, म्हणजे मोठ्या माणसाला वाटू नये इतक्या खरेपणाने वाटलं. वीस मिनिटं गेली, आणखी वीस सांगितली. मी फक्त पहिलीच मागितली होती. मग काउंटरवरची मुलगी फोनवर बोलताना मान हलवायला लागली आणि मागे कुणीतरी "रद्द" असा शब्द उच्चारला. आता मी उलट प्रार्थना करायला लागलो. विमान उडायलाच हवं होतं. इथे जमिनीवर ढगांची चादर होती, आईच्या पोटात दुपारपासून काही नव्हतं आणि तिच्या कपाळावर बारीक घाम दिसत होता.

"ग्लुकोजची गोळी घे," मी म्हटलं.

"औषध म्हणून देतोयस की खाऊ म्हणून?"

"औषध म्हणून."

"मग मोदक पण औषधच की. तो पण देशील." ती डोळे मिटून बसली. "गप्प बस जरा. तू घाबरलास की मला भूक लागते."

आठच्या सुमाराला बोलावणं आलं. धुकं थोडं वर उचललं होतं. आम्ही वाऱ्यातून चालत विमानापर्यंत गेलो. त्या विमानात डाव्या बाजूला एकेक खुर्ची आणि उजव्या बाजूला दोन दोन, मध्ये चिंचोळी वाट. मी मित्राबरोबर सगळं ठरवून उजवीकडच्या जागा मागून घेतल्या होत्या. आपण उत्तरेकडे जाणार, चंद्र पूर्वेला उगवणार, म्हणजे उजवी खिडकी. यात चुकायला काय होतं? आईला खिडकीशी बसवलं, तिच्या मांडीवर डबा दिला. आमच्या एक ओळ पुढे, डाव्या बाजूच्या एकट्या खुर्चीत तो लाल चेहऱ्याचा माणूस खोका सांभाळत बसला.

विमान उठलं आणि दोन-तीन मिनिटांत खिडकी पांढरी झाली. मग राखाडी. पंख्यांचा आवाज कानात भरून राहिला होता. आई काचेला कपाळ टेकून होती. आणि मग ढग एकदम खाली पडले, जणू कुणी आमच्या पायाखालून गादी ओढली. वर आकाश स्वच्छ होतं, निळसर, पश्चिमेकडे अजून थोडं तांबूस, आणि खाली क्षितिजापर्यंत पिंजलेला कापूस.

मी आईच्या डोक्यावरून वाकून बघितलं. उजवीकडे पाहिलं, पुढे पाहिलं, जितकी मान वळते तितकी मागे पाहिली. चंद्र नव्हता.

"उगवायचाय अजून," मी म्हटलं. घड्याळात आठ वाजून गेले होते.

पाच मिनिटांनी मी पुन्हा बघितलं. आकडे बरोबर होते, मी ते सगळे पाठ केले होते. पंच्याऐंशी मैल, पस्तीस मिनिटं, चंद्रोदय होऊन गेलेला, ढग पायाखाली. मग कुठे गेला? मी बसल्या बसल्या शाळेतल्या मुलासारखा हाताने दिशा करून बघायला लागलो. कर्कवॉल इथे, शेटलंड तिथे. आणि मला कळलं. शेटलंड ऑर्कनीच्या उत्तरेला नाही, ईशान्येला आहे. आणि या दिवसांत, इतक्या वर, चंद्रसुद्धा ईशान्येलाच उगवतो. एक इंजिनिअर आणि एक डॉक्टर, दोघांनी मिळून अंतर काढलं, वेळ काढली, उंची काढली आणि दिशा काढलीच नाही. आम्ही सरळ चंद्राकडेच चाललो होतो. तो नाकासमोर होता. फक्त वैमानिकाला दिसत होता.

हे आईला कसं सांगायचं? मी ते सांगितलं, कारण मला खोटं बोलताना घाम येतो आणि तिला तो लगेच दिसतो.

"पुढे आहे म्हणजे आहे ना?" आई म्हणाली.

"आहे. पण खिडकीतून दिसणार नाही. सॉरी आई. मी उगाच तुला…"

"त्या मुलीला विचार."

विमानात पाणी वाटणारी मुलगी आमच्यापाशी आली होती. मी तिला सगळं सांगितलं. उपास, चंद्र, आईची साखर, आणि का कुणास ठाऊक, उशिराची प्रार्थनासुद्धा. पुढच्या ओळीतला माणूस मागे वळला. पंख्यांच्या आवाजात मला मोठ्याने बोलावं लागलं होतं आणि त्याने ते सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तुमच्यामुळे झाला का उशीर?" तो म्हणाला.

"मी वीस मिनिटंच मागितली होती," मी म्हटलं. "तुमच्या बहिणीच्या केकबद्दल मला खरंच वाईट वाटतंय."

त्याने मांडीवरचा खोका नीट केला. "तुमची ओळख वरपर्यंत आहे तर. पुढच्या वेळी माझ्यासाठी विमानाला मागून ढकलणारा वारा मागा."

मुलगी पुढे गेली, भिंतीवरच्या फोनवर बोलली आणि हसत परत आली. थोड्याच वेळात वैमानिकाचा आवाज आला. पाचव्या ओळीतल्या बाईंसाठी सांगतो, चंद्र बरोबर माझ्यासमोर आहे, नारिंगी आहे, फार सुंदर आहे, आणि विमानातली चांगली सीट दुर्दैवाने माझीच आहे. सगळे हसले.

मी आईला भाषांतर करून सांगितलं. "त्याने बघितलाय. वैमानिक म्हणजे जबाबदार माणूस आहे. आता तरी खा."

"त्याचा उपास आहे का?"

"आई."

"त्याला दिसला, त्याने सोडावा." तिने डब्यावर दोन्ही हात ठेवले. ती हसत होती, पण तिच्या बोटांना बारीक कंप सुटलेला मला दिसला, आणि मी तिचं मनगट धरलं. नाडी जलद होती. घड्याळाप्रमाणे आता दहा मिनिटांत आम्ही खाली जाणार होतो, ढगात, धुक्यात, आणि मग उद्या सकाळपर्यंत काही नाही. मला ओरडावंसं वाटलं. इतक्या लांब तिला आणून, इतकं गणित करून, मी तिला चंद्राच्या समोर, पण वैमानिकाच्या बंद दरवाजाच्या अलीकडे नेऊन बसवलं होतं.

वैमानिक पुन्हा बोलला. वारा पश्चिमेचा आहे, त्यामुळे धावपट्टीवर पलीकडून, पूर्वेकडून यावं लागेल. आधी उजवीकडे वळतोय. डाव्या बाजूला बसलेल्यांनी बघायला हरकत नाही.

पट्टे बांधायचा दिवा लागला. विमान उजवीकडे कललं. आमच्या खिडकीत नुसते ढग आले. डाव्या बाजूच्या लोकांनी एकेक करून माना फिरवल्या, आणि मागून कुणीतरी "ओह" असं म्हटलं. विमान सरळ झालं.

"कुठे?" आईने विचारलं. ती पट्ट्यात अडकलेली, खिडकीशी, चुकीच्या बाजूला. मधे मी, मग वाट, मग डावीकडे पुढच्या ओळीतला तो लाल चेहऱ्याचा माणूस आणि त्याचे रुंद खांदे.

मी खुर्चीत जितकं मागे जाता येईल तितका गेलो, श्वास आत ओढला. "माझ्या मांडीवर हात टेक. वाक पुढे. तिकडे, त्याच्या खिडकीतून."

आई वाकली. "त्याचं डोकं दिसतंय."

मी काही म्हणायच्या आधीच त्या माणसाने मागे बघितलं होतं. त्याने मांडीवरचा सोनेरी खोका उचलून पायाशी ठेवला, पट्टा सैल केला आणि तो पूर्ण खाली वाकला, कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत. त्याची खिडकी मोकळी झाली. आणि तिच्यात तो होता. एका कडेने थोडा झिजलेला, नारिंगी, मोठा, ढगांच्या काठावर ठेवल्यासारखा. इतका जवळ की पंख्याचं पातं त्याच्यावरून फिरतंय असं वाटत होतं.

आईचे हात जोडलेले होते आणि तिचं सगळं वजन माझ्या गुडघ्यांवर होतं. ती पुटपुटायला लागली. मी बघत होतो चंद्राकडे की तिच्याकडे, मला आठवत नाही. मी मूर्खासारखा हसत होतो.

"पाणी," आई म्हणाली. "अर्घ्य द्यायचंय."

मुलगी तिच्या जागी पट्टा बांधून बसली होती, पण तिने दिलेला पाण्याचा कप माझ्या हातात होता. ओतायचं कशात? पुढच्या खुर्चीच्या खिशात उलटीची कागदी पिशवी होती. मी ती काढली आणि उघडून धरली.

"शी, त्यात?" आई म्हणाली.

"नवीन आहे. कुणी वापरली नाहीये."

तिने एकदा चंद्राकडे बघितलं, एकदा पिशवीकडे. मग ओंजळीतून तीन वेळा पाणी सोडलं, एक थेंब बाहेर न पाडता, आणि म्हणाली, "धर नीट. सांडलं तर त्या पोरीला पुसावं लागेल."

पुढचा माणूस अजून वाकलेलाच होता. "झालं का?" त्याने गुडघ्यांमधून विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "थँक यू. थँक यू."

तो सरळ बसला. त्याचा चेहरा आणखी लाल झाला होता. दोन मिनिटांनी खिडक्या पांढऱ्या झाल्या, मग काळ्या, आणि विमान धुक्यातून हादरत संबर्गच्या धावपट्टीवर उतरलं. काचांवर पावसाच्या तिरप्या रेघा होत्या.

विमान थांबेपर्यंत आईने डबा उघडला नाही. हलत्या विमानात अन्न खायचं नाही म्हणाली, हा नियम तिने त्याच वेळी केला असावा. आत आल्याबरोबर मी तिला पहिल्या खुर्चीवर बसवलं आणि डब्याचं झाकण काढलं. तिने माझा हात बाजूला केला.

"आधी हाउन्सलोला फोन लाव."

"आई, आधी खा. मग लावू."

"ती तिकडे बागेत उभी असेल. लाव."

मी लावला. मावशीने पहिल्या घंटीतच उचलला. "अरे, इथे तर भुरभुर लागलीये," ती म्हणाली. "काही खरं नाही आज." मी फोन आईच्या कानाला धरला.

"दिसला गं," आई म्हणाली. "स्वतः बघितला. विमानातून. हो, उपास आहेच ना माझा, अजून कुठे सोडलाय. तू जेव जा आता. नाही, नारिंगी होता. अगं जेव आधी, मग सांगते."

लाल चेहऱ्याचा माणूस सोनेरी खोका काखेत धरून दाराकडे जाताना आमच्यापाशी थांबला. मी त्याला दोन मोदक कागदी रुमालात गुंडाळून दिले, बहिणीसाठी एक, त्याच्यासाठी एक. त्याने ते वास घेऊन बघितले. "केकपेक्षा तिला मी उशिरा का आलो हे ऐकायलाच जास्त आवडेल," असं म्हणून तो पावसात गेला.

लर्विकला नेणारा टॅक्सीवाला माझं नाव लिहिलेला पुठ्ठा धरून उभा होता. त्याने आईकडे बघितलं, पुठ्ठा खाली केला आणि हीटर लावून ठेवतो म्हणाला, काही घाई नाही.

आईने बोटाने घट्ट तूप खरवडून मोदकावर ठेवलं आणि पहिला घास घेतला. मी तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसलो होतो. तिने तो पूर्ण चावून गिळेपर्यंत मी तिच्या घशाकडे बघत राहिलो, जसा मी भूल उतरताना पेशंटकडे बघतो. दुसरा घास. तिसरा. हळूहळू तिच्या हाताचा कंप थांबला.

"असा काय बघतोस?" ती म्हणाली. "दिसला ना? जेवतेय ना मी?"

"हो."

"मग दे अजून एक."